आमचा काय गुन्हा?

चेन्नईहून पुण्याकडे येणारा लोहमार्ग सोलापूर, कुर्डूवाडी, जेऊर अशी स्थानके मागे टाकीत आपल्या इंदापूर तालुक्यातील भिगवणला येतो आणि पुढे दौंड गाठतो. या मार्गावरून दिवसभर गाड्या धावतात. कोण कोठे निघाले आहे याची चौकशी भिगवणकर करीत नाहीत. परंतु एप्रिल २०१८ मध्ये चेन्नईहून पुण्यासाठी एक खास गाडी निघाली, तिची बातमी मात्र सर्वत्र झाली. गाडीत सुमारे एक हजार माणसे होती आणि सर्वांच्या अंगात पिवळे सदरे होते. 'व्हिसल पोडू एक्स्प्रेस' असे त्या गाडीचे नाव. व्हिसल पोडू म्हणजे तमिळमध्ये 'शिट्टी वाजवा'. ही सारी मंडळी गहुंजेच्या मैदानावर एक क्रिकेटचा सामना पाहण्यासाठी येत होती. २० एप्रिलच्या त्या सामन्यात चेन्नई सुपर किंग्ज आणि राजस्थान रॉयल्स समोरासमोर होते. वाचकहो, हे दोन्ही संघ दोन वर्षांची बंदी भोगून त्याच हंगामात परतलेले होते, हे या ठिकाणी ध्यानात घ्यावे.

माझा पुतण्या त्या वेळी एकोणीस वर्षांचा होता. बारामतीहून दोन मित्रांसह तो गहुंजेला गेला आणि दुसऱ्या दिवशी घसा बसलेल्या अवस्थेत घरी आला. शेन वॉटसनने ५७ चेंडूंत १०६ धावा कशा काढल्या, चेन्नईने ६४ धावांनी सामना कसा जिंकला, हे सर्व त्याने हातवाऱ्यांनिशी सांगितले. पण त्याला खेळापेक्षाही प्रेक्षकांनी भारावून टाकले होते. "काका, त्या लोकांनी दोन वर्षं टीमशिवाय काढली हो! माझ्या शेजारचे एक आजोबा चक्क रडत होते." मी सहज विचारले, "अरे, पण बंदी कशाबद्दल होती?" तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, "काहीतरी राजकारण होतं वरच्या लोकांचं. त्यात पब्लिकचा काय गुन्हा?"

पुतण्याचा हा प्रश्न मी अनेक दिवस मनात घोळवीत राहिलो. प्रश्न खोटा नाही. म्हणूनच त्याचा विचार करावासा वाटतो.

प्रथम घडले काय ते पाहू. मे २०१३ मध्ये दिल्ली पोलिसांनी राजस्थान रॉयल्सच्या तीन खेळाडूंना अटक केली. आरोप असा की ठरावीक षटकात ठरावीक धावा देण्याचे त्यांनी सट्टेवाल्यांशी संगनमत केले. (पुढे २०१५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने त्यांना फौजदारी आरोपांतून मुक्त केले, क्रिकेट मंडळाची कारवाई मात्र वेगळी चालली.) त्याच महिन्यात मुंबई पोलिसांनी चेन्नई संघाच्या व्यवस्थापनात वावरणाऱ्या गुरुनाथ मय्यप्पन यांना सट्टा लावल्याच्या आरोपावरून अटक केली. हे गृहस्थ एन. श्रीनिवासन यांचे जावई. श्रीनिवासन हे भारतीय क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष, आणि चेन्नईचा संघ ज्या इंडिया सिमेंट्स कंपनीच्या मालकीचा तिचेही सूत्रधार. खेळाचे नियम करणारा, संघ बाळगणारा आणि चौकशी करविणारा असे सर्व एकाच घरात! आपल्या बाजारपेठेत एखाद्या अडत्याने स्वतःच माल विकला, स्वतःच काटा धरला आणि तक्रार आली तर पंच म्हणूनही स्वतःच बसला, तर आपण काय म्हणू? सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती मुकुल मुद्गल यांची चौकशी समिती नेमली. मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना संघमालक होण्याची मुभा देणारे जे कलम नियमांत घुसविले गेले होते ते न्यायालयाने २२ जानेवारी २०१५ रोजी रद्द केले आणि शिक्षा ठरविण्याचे काम माजी सरन्यायाधीश आर. एम. लोढा यांच्या समितीकडे सोपविले. १४ जुलै २०१५ रोजी निकाल लागला. मय्यप्पन आणि राजस्थानचे सहमालक राज कुंद्रा यांना क्रिकेटपासून आजन्म दूर ठेवण्यात आले आणि दोन्ही संघांच्या मालक कंपन्या दोन वर्षांसाठी निलंबित झाल्या.

दोन माणसांची चूक, आणि दोन शहरे दोन वर्षे घरी बसली. चेपॉकच्या मैदानाबाहेर रात्रभर रांगेत उभे राहून तिकीट घेणाऱ्या माणसाने कोणता सट्टा लावला होता? जयपूरच्या मैदानावर झेंडे विकणाऱ्याने? त्यांच्या बाजूने विचार केला की मन कळवळते. खेळाडूंचे व प्रेक्षकांचे नुकसान होईल हे समितीच्याही दृष्टीआड नव्हते. पण खेळाच्या शुद्धतेपुढे ते नुकसान तिने गौण मानले. कायद्याच्या दृष्टीने हे बरोबर असेल. ज्याचा संघ गेला त्याला ते कसे पटावे?

चेन्नईचे कर्णधार महेंद्रसिंग धोनी यांनी पुढे २०१९ मध्ये आलेल्या 'रोर ऑफ द लायन' या माहितीपटात या काळाविषयी बोलताना कडक शिक्षा होणे योग्यच होते हे मान्य केले. वाद फक्त मापाचा होता, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख. संघाकडून त्रुटी राहिल्या, पण खेळाडूंनी कोणती चूक केली होती, असेही त्यांनी विचारले. मला या बोलण्यातील पहिला भाग मोलाचा वाटतो. कर्णधाराने तो उच्चारला, पण पिवळ्या गाडीतील हजार कंठांतून तो उमटल्याचे ऐकिवात नाही. तेथे जो सूर होता तो वनवास संपवून परतणाऱ्यांचा होता. वनवास हा शब्द किती सोयीचा आहे पाहा! रामायणात वनवासाला जाणारा निर्दोष असतो.

आता या कथेतील आपल्या पुण्याचा वाटा सांगितला पाहिजे, कारण तो फारसा कोणी सांगत नाही. दोन संघ बाहेर गेल्यावर दोन जागा रिकाम्या झाल्या. सहाराचा 'पुणे वॉरियर्स' २०१३ नंतर बंद पडला होता, त्यामुळे पुणेकर आधीच उपाशी. डिसेंबर २०१५ मध्ये मंडळाने दोन वर्षांपुरत्या दोन संघांसाठी उलटी बोली लावली आणि पुणे व राजकोट यांची निवड झाली. उलटी बोली अशी की मंडळाकडून मिळणारा पैसा सोडून देण्यापर्यंत ठीक, त्याही पलीकडे जाऊन पुण्याच्या मालकांनी मंडळालाच वर्षाला १६ कोटी रुपये देऊ केले! धोनी, अजिंक्य रहाणे, अश्विन पुण्याच्या वाट्याला आले. दुसऱ्यांच्या शिक्षेतून आपल्याला घास मिळाला, आणि आपण तो आनंदाने खाल्ला. चेन्नईच्या प्रेक्षकाला काय वाटत असेल, असा प्रश्न त्या वर्षी पुण्यात मी तरी कोणाच्या तोंडून ऐकला नाही. माझ्या स्वतःच्या तोंडूनही नाही.

परंतु आलेला हंगाम होता २०१६ चा. ते वर्ष आपल्या भागातील कोणीही विसरणार नाही. उजनी धरण उणे साठ्यात गेले होते. जलाशयाचा तळ भेगाळला होता. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. ती पहिली गाडी १२ एप्रिलला लातुरात पोहोचली, आणि दुसऱ्याच दिवशी, १३ एप्रिलला, मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यावेत असा आदेश दिला. मैदाने भिजविण्यास लागणारे पाणी हा वादाचा विषय होता. पुढे १ मेच्या पुण्यातील सामन्याला तेवढी परवानगी मिळाली आणि त्यानंतर पुण्याचा संघ 'घरचे' सामने खेळायला विशाखापट्टणमला गेला.

त्या वेळी आमच्या औद्योगिक वसाहतीत चहाच्या टपरीवर जी चर्चा चाले ती मला स्पष्ट आठवते. हंगामाची तिकिटे काढलेले तरुण होते, त्यांचे पैसे अडकले होते. पण 'आमचा काय गुन्हा' असे कोणी म्हटले नाही. वास्तविक येथे प्रेक्षकांचाच काय, संघाच्या मालकाचाही काही अपराध नव्हता. तरीही माणसांनी ते सोसले. एक लेथचालक म्हणाला, "शेठ, माझ्या घरी चार दिवसांनी टँकर येतोय, आणि तिकडं गवताला पाणी मारायचं? जाऊ द्या की मॅच."

या दोन प्रसंगांतील फरक मला पुष्कळ वर्षांनी उमगला. २०१६ मध्ये आपले काय हिरावले जात आहे हे दिसत होते आणि कोणासाठी हिरावले जात आहे तेही दिसत होते. हंडा घेऊन उभी असलेली बाई समोर होती. सट्टेबाजीच्या प्रकरणात मात्र दुखावला कोण गेला हे प्रेक्षकाला कधी दिसलेच नाही. फसविला गेला तो मुळात प्रेक्षकच. रांगेत उभे राहून तिकीट काढणारा, समोर घडते ते खरे आहे या विश्वासावर टाळ्या वाजविणारा तो. ज्याची फसवणूक झाली त्यालाच ती कळली नाही. म्हणून शिक्षा जाहीर झाल्यावर, ज्याने फसविले त्याच्यावर त्याने राग धरला नाही. ज्याने फसवणूक उघड केली त्याच्यावर धरला.

अमेरिकेत या प्रकारची उदाहरणे पुष्कळ आहेत, कारण तेथे महाविद्यालयांचे फुटबॉल संघ हेच गावाचे दैवत असते. (त्यांचा फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, अंडाकृती चेंडू घेऊन धावण्याचा खेळ.) महाविद्यालयीन खेळांवर देखरेख करणारी एनसीएए नावाची संस्था नियमभंग करणाऱ्या संघांना दंड करते. डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाला १९८७ मध्ये तिने अशी शिक्षा दिली की लोक तिला 'मृत्युदंड' म्हणू लागले: त्या वर्षाचा संपूर्ण हंगामच रद्द. पुढच्या वर्षी विद्यापीठाने स्वतःच संघ उतरविला नाही. हंगामाअखेरच्या निमंत्रितांच्या सामन्यात तो संघ पुन्हा दिसला तो थेट २००९ मध्ये. गुन्हा हा की खेळाडूंना चोरून पैसे दिले जात. एकदा शिक्षा होऊनही देणे थांबले नाही, आणि विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे प्रमुख राहिलेल्या बिल क्लेमंट्स यांना, म्हणजे टेक्सासच्या खुद्द राज्यपालांना, हे ठाऊक असल्याचे त्यांनी पुढे कबूल केले. पण यातील मख्खी अशी: पैसे देणारे कोण होते? संघावर जीव टाकणारे धनवान माजी विद्यार्थी. म्हणजे चाहतेच! 'आमचा काय गुन्हा' या प्रश्नाला डॅलसमध्ये उत्तर होते.

दुसरे उदाहरण लिहिताना लेखणी अडखळते. पेनसिल्व्हेनियातील पेन स्टेट विद्यापीठाच्या संघाचा एक माजी साहाय्यक प्रशिक्षक जेरी सँडस्की लहान मुलांवर अनेक वर्षे अत्याचार करीत असल्याचे २०११ मध्ये उघड झाले. जून २०१२ मध्ये ४५ आरोपांखाली तो दोषी ठरला. मुख्य प्रशिक्षक जो पटर्नो हे त्या गावाचे आराध्यदैवत. प्रकरण कानावर येऊनही त्यांनी पुरेसे केले नाही असे ठरून नोव्हेंबर २०११ मध्ये विद्यापीठाने त्यांना पदावरून काढले, तेव्हा हजारो विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि त्यांनी दूरचित्रवाणीची एक गाडी उलथून टाकली. जुलै २०१२ मध्ये एनसीएएने सहा कोटी डॉलरचा दंड ठोठावला, चार वर्षे हंगामोत्तर सामन्यांना बंदी केली आणि १९९८ पासूनचे ११२ विजय नोंदींतून पुसले. पुन्हा तोच आक्रोश: आज मैदानात उतरणारी मुले त्या वेळी शाळेत होती, त्यांचा काय गुन्हा? त्या सप्टेंबरात पहिल्या सामन्याला सुमारे ९७ हजार माणसे आली, संघ हरला, तरी लोक उभे राहून गर्जत होते. पुसलेले विजय जानेवारी २०१५ मध्ये परत मिळाले.

परंतु त्याच विद्यापीठात आणखी एक गोष्ट घडली होती, तिची आठवण कमी जणांना आहे. गाडी उलथल्यानंतर दोनच दिवसांनी हजारो विद्यार्थी मुख्य इमारतीसमोर मेणबत्त्या घेऊन मुकाट्याने उभे राहिले. संघासाठी नव्हे, त्या मुलांसाठी. दुसऱ्या दिवशीच्या सामन्याला निळे कपडे घालून आलेल्या प्रेक्षकांनी बालकांवरील अत्याचार रोखण्याच्या कार्यासाठी पैसे गोळा केले. गाव तेच, चाहतेही तेच. पण या रात्री त्यांच्या डोळ्यांपुढे पटर्नो नव्हते.

आपल्याकडे परवाचेच उदाहरण घ्या. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरीची अखेरची लढत झाली. त्याआधी गादी विभागाच्या कुस्तीत शिवराज राक्षे चितपट झाल्याचा निर्णय पंचांनी दिला. तो राक्षेला मान्य झाला नाही, आणि वादात त्याने पंचांना लाथ मारली. अखेरच्या लढतीत महेंद्र गायकवाडनेही पंचांशी वाद घालून आखाडा सोडला. पृथ्वीराज मोहोळ महाराष्ट्र केसरी ठरला आणि राक्षे व गायकवाड या दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. इंदापूर तालुक्यात घराघरात कुस्तीचे वेड आहे. मी गेलो तेथे लोक मोबाइलवर ती कुस्ती पुन्हा पुन्हा पाहत होते. पाठ टेकली होती की नव्हती, खांदा उचललेला होता की नव्हता, यावर पैजा लागत होत्या. निर्णयाविषयी शंका घेणे रास्तच आहे आणि पैलवानाच्या वर्षानुवर्षांच्या मेहनतीचे मोल मी जाणतो. पण लाथेच्या क्षणी चित्रफीत आली की बघणारे ती पुढे सरकवीत, एवढे मी नोंदवून ठेवले.

असो. इतरांच्या चाहत्यांविषयी हे सारे लिहिणे सोपे आहे. खरे सांगायचे ते पुढे आहे.

आमचा यंत्रांचे सुटे भाग बनविण्याचा लहानसा कारखाना बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत आहे. वसाहतीतील कारखान्यांच्या संघांची टेनिस चेंडूवरील क्रिकेट स्पर्धा हिवाळ्यात रविवारी सकाळी होत असे. आमच्या साठ कामगारांत खेळणारे जेमतेम पंधरा. तरी एका वर्षी आम्ही उपांत्य फेरीपर्यंत पोहोचलो. टी-शर्ट माझ्याकडून, सकाळचे उपीट आणि चहा आमच्या घरून. मी खुर्ची टाकून सीमारेषेजवळ बसत असे आणि वय विसरून ओरडत असे. स्पर्धेचा नियम एकच होता: कारखान्याच्या पटावर ज्याचे नाव त्यानेच खेळायचे.

उपांत्य सामन्याच्या आदल्या संध्याकाळी आमचे पर्यवेक्षक माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "शेठ, उद्या एक पाहुणा खेळवतोय. दौंडकडचा आहे, एकटा मॅच काढून देईल." मी बिलावर सही करीत होतो. मान वर केली नाही. "बघा काय ते," एवढेच म्हणालो. व्यवहारात 'बघा काय ते' याचा अर्थ काय होतो, हे या मासिकाच्या व्यापारी वाचकांना मी सांगायला नको.

पाहुण्याला ओळखपत्र लागत होते. ते एका ॲप्रेंटिस मुलाचे घेण्यात आले. मुलगा इंदापूर तालुक्यातल्या एका वाडीचा, आयटीआय करून वर्षासाठी आमच्याकडे आलेला, अबोल. पंधरा जणांत त्याचेही नाव होते. साखळी फेरीत एका सामन्यात तो खेळला होता आणि सहा धावा काढून धावबाद झाला होता. कार्ड घेताना त्याला कोणी विचारले नाही, सांगितले. रविवारी येऊ नकोस, असेही सांगितले. तो आला. मोटारसायकल लांब लावून दोरीपलीकडे, दुसऱ्या कारखान्याच्या लोकांत उभा राहिला. ध्वनिक्षेपकावरून निवेदक प्रत्येक चौकाराला त्या मुलाचे नाव घेत होता. संपूर्ण नाव, गावासह. मी टाळ्या वाजवीत होतो. माझी नजर एकदा त्याच्याकडे गेली. तो कोणाकडे बघत होता हे मला आठवत नाही, कारण तेवढ्यात षटकार गेला.

आम्ही जिंकलो. पण प्रतिस्पर्ध्यांत त्या मुलाच्याच वाडीचा एक जण निघाला. त्याने नाव ऐकले, माणूस पाहिला, आणि संयोजकांकडे गेला. संध्याकाळपर्यंत सर्व उघड झाले. सामना प्रतिस्पर्ध्यांना बहाल झाला आणि आमच्या संघावर दोन वर्षांची बंदी आली.

सोमवारी कारखान्यात काम कमी आणि संताप जास्त होता. एका माणसाच्या चुकीसाठी पंधरा जणांना शिक्षा! वर्षभर रविवार मोडून सराव केला त्याचे काय? बाकीचे संघ काय धुतल्या तांदळाचे आहेत? एक वयस्कर कामगार, जो कधी बॅटला हात लावत नसे पण एकही सामना चुकवत नसे, माझ्या दारात येऊन म्हणाला, "शेठ, आमचं काय चुकलं हो?" मला त्याचे फार वाईट वाटले. त्याच रात्री मी संयोजकांना पत्र लिहिले. निरपराध खेळाडू आणि निष्ठावान प्रेक्षक यांच्यावर होणारा अन्याय, खेळाडूवृत्ती, औद्योगिक सलोखा असे सर्व त्यात होते. पत्र चांगले उतरले होते. दोन-तीन स्नेह्यांना वाचूनही दाखविले. 'बघा काय ते' हे तीन शब्द त्या पत्रात कोठेही नव्हते. बंदी उठली नाही.

त्या मुलाचे नाव संयोजकांच्या सूचनापत्रकात आले: ज्याच्या ओळखपत्राचा गैरवापर झाला तो. वसाहतीतील फलकावर ते पत्रक दोन महिने होते. कामगारांत कुजबुज अशी की यानेच गावच्या माणसाला खूण केली असणार. डब्याच्या वेळी तो एकटा बसू लागला. पर्यवेक्षक त्याला रात्रपाळी जास्त लावीत, तीही मी पाहिली आणि ते त्यांचे खाते म्हणून सोडून दिली. वर्ष संपल्यावर आम्ही शिकाऊ मुलांना पेढे आणि प्रमाणपत्र देतो. त्या दिवशी तो आला नाही. प्रमाणपत्र टपालाने पाठविले.

माझ्या मनातील पंधरा निरपराध खेळाडूंत तो कधी नव्हताच. वयस्कर कामगार दिसला, कर्णधार दिसला, टी-शर्टचे पैसे दिसले. पुतण्याला मी ऐटीत विचारले होते, बंदी कशाबद्दल होती म्हणून. त्याचे उत्तर ऐकल्यानंतर आठवडाभराने, दुसऱ्या काही कामासाठी कार्यालयातील लोखंडी कपाट उघडले तेव्हा खालच्या खणात जुने स्कोअरबुक सापडले. संयोजकांनी प्रत परत दिली होती. पाने चाळली. उपांत्य सामन्याचे पान तसेच आहे. कोणी खोडलेले नाही. चौथ्या क्रमांकाला त्या मुलाचे नाव, पुढे निळ्या शाईत धावांची ओळ, आणि शेवटी ४३, नाबाद.